विश्लेषण : खिशात पाकीट सरकवणारा पोलीस नायक कसा ठरला?

ट्राममधला पाकीटमार पकडला जातो, पण तोवर त्याने चोरलेले पाकीट खाली टाकलेले असते. पुरावा नाही, म्हणजे तो सुटणार. मग कॅप्टन ग्लेब झेग्लोव तेच पाकीट गुपचूप त्याच्या खिशात सरकवतो. १९७९ मध्ये सोव्हिएत दूरचित्रवाणीवर आलेल्या 'भेटीची जागा बदलता येणार नाही' या पाच भागांच्या चित्रपटातला हा प्रसंग आजही वादाचा आहे. कथानक १९४५च्या मॉस्कोतले, मूळ कादंबरी वायनर बंधूंची, दिग्दर्शक स्तानिस्लाव गोवोरुखिन.

वाद कशावरून?

युद्धावरून नुकताच परतलेला सहकारी शारापोव या लबाडीवर चिडतो. झेग्लोवचे म्हणणे सरळ आहे : चोराची जागा तुरुंगात, तो तिथे कसा पोहोचला याच्याशी लोकांना देणेघेणे नाही. अनेक प्रेक्षकांना हेच पटले. त्यात व्लादिमीर व्हिसोत्स्की यांचा वाटा मोठा. गायक-कवी म्हणून ते आधीच लाडके होते. त्यांच्या खरखरीत आवाजात चुकीची गोष्टही न्यायाची वाटते. (१९८० मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी ते गेले.)

चित्रपट झेग्लोवच्या बाजूने आहे का?

नाही, आणि तो हे भाषण न ठोकता सांगतो. डॉक्टर ग्रुझदेववर पूर्वपत्नीच्या खुनाचा आळ येतो. त्याच्या घरात पिस्तूल सापडते. ते ठेवलेले असते खऱ्या गुन्हेगारांनी. म्हणजे युक्ती तीच, पाकिटाची. झेग्लोवची खात्री पटलेली असते. शारापोव खणत राहतो म्हणून निर्दोष माणूस वाचतो.

पुढे शारापोव वेषांतर करून 'काळी मांजर' टोळीत शिरतो. तिथे त्याला ओळखणारा एकच निघतो : लेव्हचेंको, आघाडीवरचा त्याचा जुना सोबती. एक शब्द बोलला असता तर शारापोव जिवंत परतला नसता. तो गप्प राहतो. टोळी तळघरात कोंडली जाते, एकेक जण हात वर करून बाहेर येतो. लेव्हचेंको मात्र पळत सुटतो. गोळी झाडू नकोस, असे शारापोव ओरडतो.

झेग्लोवचा नेम चुकत नाही.