राखेखालचा निखारा

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील मध्यंतरी भेटावयास आले. क्षयाचे औषध सुरू होऊन त्यांना दोन महिने झाले होते. ताप उतरला, खोकला थांबला, अंगावर थोडे मांसही चढले. "सर, आता गोळ्या सोडल्या तर काय बिघडेल?" हा त्यांचा प्रश्न. सोडू नका, डॉक्टरांचे ऐका, एवढे आम्ही तत्काळ सांगितले; पण 'का' ह्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मराठीच्या मास्तराजवळ ते कोठून असणार? मग पुस्तके चाळली.

रॉबर्ट कॉख ह्यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. हा जंतू प्राणवायूचा मोठा भोक्ता. परंतु शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालते, गाठ बनते, आणि तिच्या गर्भात प्राणवायूचा तुटवडा पडतो. जंतू गुदमरून मरावयास हवा. तो मरत नाही! अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्स वेन ह्यांनी बंद नळ्यांत हे करून पाहिले. प्राणवायू एकाएकी काढून घेतला, तर जंतू मरत. तोच त्यांना सावकाश संपवू दिला, तर वाढ थांबवून ते दीर्घकाळ तग धरीत. म्हणजे त्यांना हवा असतो तो अवधी.

त्या अवधीत घडते काय? जंतूच्या अंगी दोन प्रथिने पहारेकऱ्यांसारखी असतात. आपल्या रक्तातील लाल द्रव्यात असतो तसाच लोहयुक्त घटक त्यांच्यातही असतो. त्याला प्राणवायू चिकटून आहे तोवर पहारेकरी स्वस्थ. तो सुटला की ते तिसऱ्या प्रथिनास जागे करतात, आणि हे तिसरे सुमारे पन्नास जनुके कामाला लावते. (ह्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्यांत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जया त्यागी व त्यांचे सहकारी आहेत, हे वाचून आम्हांस विशेष आनंद झाला.) मग विभाजन थांबते, चरबीची बेगमी होते, आणि प्राणवायूऐवजी नायट्रेटावर श्वसनाचे थोडेफार काम भागविले जाते. आमची आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवी. पहाटे फुंकर घातली की तो पुन्हा लाल! तसेच हे.

आता औषधाकडे वळू. आयसोनियाझिड हे जुने व गुणकारी औषध जंतूचे नवे कवच बनू देत नाही. पण जो वाढतच नाही, त्यास नवे कवच कशाला हवे? त्याच्यावर ही मात्रा चालत नाही. प्रारंभी जे झपाट्याने मरतात ते वाढणारे जंतू, आणि ताप उतरतो तो त्यांच्या मरणाने. मंदावलेल्यांसाठी रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड अशी निराळी औषधे जोडावी लागतात, आणि त्यांनाही वेळ द्यावा लागतो. साध्या क्षयास साधारणतः सहा महिने लागतात ते ह्यामुळे.

त्या गृहस्थांना हे सारे सांगितले. जनुकांची गोष्ट त्यांनी सौजन्याने ऐकून घेतली. निखाऱ्याचे नाव निघताच मात्र ते म्हणाले, "म्हणजे वरून राख दिसते, एवढेच." सध्या त्यांचा पाचवा महिना चालू आहे.