दोडामार्ग तालुक्यातून घरून काम करणाऱ्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या व्हीपीएन व्यवस्थेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी, सिंधुदुर्ग,
जिल्हाधिकारी कार्यालय, सिंधुदुर्गनगरी, ओरोस.

मार्फत : मा. तहसीलदार, दोडामार्ग.

विषय : कामासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीपीएन व प्रॉक्सी व्यवस्थेला स्पष्ट मान्यता मिळणे, तसेच त्यासाठी लागणारी फायबर जोडणी व सामायिक कार्यकक्ष उपलब्ध होणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दोडामार्ग तालुक्यात राहून सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. या भागात ‘डेव्हलपर’ म्हटले की आधी सातबारा मागणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आम्ही ते डेव्हलपर नव्हे. आमच्यातले काही कसई-दोडामार्ग शहरात राहतात, काही साटेली-भेडशी, कोनाळ, तळकट, कोलझर या भागांत. काही जण २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बंगळूरहून घरी आले, तर काही चवथीला म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळ्या झालेल्या या तालुक्यातली अनेक मुले आजही सकाळी दुचाकी काढून नोकरीसाठी गोव्यात जातात. आम्हाला ती वाट धरावी लागली नाही, कारण आमचे काम तारेवरून घरी येते. ती तार आणि त्या तारेवर आम्ही लावलेले कुलूप यांविषयी हे निवेदन आहे.

आमचे काम कसे चालते

ग्राहक कंपनीचे चाचणीचे सर्व्हर सर्वांसाठी उघडे नसतात. ज्या आयपी पत्त्यांची नोंद त्यांच्याकडे आहे, तेवढ्यांनाच आत घेतले जाते. घरच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता मात्र बदलत राहतो. मोबाइल डेटावर तर एकच पत्ता शेकडो ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. म्हणून आम्ही कायम पत्ता असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतो आणि घरच्या संगणकापासून त्या सर्व्हरपर्यंत कूटबद्ध बोगदा काढतो. यालाच व्हीपीएन म्हणतात. यासाठी आमच्यातले बहुतेक जण वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरतात. ते २०२० पासून लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट आहे.

हा बोगदा आम्ही संपूर्ण संगणकाला न जोडता डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका वेगळ्या कप्प्यात, बंद ठेवतो. त्याचे कारण साधे आहे. एकाच डेव्हलपरकडे दोन ग्राहक असतात आणि दोघांच्याही आतल्या जाळ्यांतले पत्ते १०.०.० ने सुरू होतात. दोन्ही बोगदे एकाच संगणकावर सरळ उघडले तर माहितीचे कोणते पाकीट कुठे पाठवायचे हे संगणकाला कळत नाही. एका वाडीत एकाच नावाचे दोघे असले की टपाल वाटणाऱ्याची जी गत होते, तीच ही गत. म्हणून प्रत्येक ग्राहकाचा कंटेनर वेगळा, त्याची किल्ली वेगळी आणि त्याच्या तोंडावरचा प्रॉक्सी, म्हणजे रहदारी पुढे नेणारा मध्यस्थ, तोही वेगळा. कामाचा ब्राउझर तेवढा त्या प्रॉक्सीतून जातो. घरातली मालिका, मुलांचा अभ्यास आणि वीजबिल भरणे नेहमीच्या जोडणीवरून थेट चालते. बोगदा तुटला तर कंटेनरची आतली भिंत सगळी रहदारी अडवते, त्यामुळे ग्राहकाची माहिती उघड्या तारेवर सांडत नाही.

महोदय, तिलारीचे पाणी महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांत जाते. कोणत्या कालव्याला किती सोडायचे हे दारे ठरवतात, आणि दार बंद आहे म्हणून आत चोरी चालली आहे असे कोणी म्हणत नाही. आमचे प्रॉक्सी ही अशीच दारे आहेत.

एका रात्रीचा अनुभव

गेल्या आषाढातली गोष्ट. कोनाळच्या बाजूला आमच्यातला एक जण रात्री दहा वाजता ग्राहकाच्या पैसे भरण्याच्या पानातली चूक दुरुस्त करत होता. झाड पडले आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालू होता, पण फायबरचा दिवा लाल झाला. त्याने संगणक फोनच्या डेटावर घेतला. बोगदा उभा राहिला, पिंगला उत्तर येऊ लागले, पण पान काही उघडेना. अर्ध्या तासाने उलगडा झाला. बोगद्यातून जाणाऱ्या पाकिटाचा आकार १४२० होता आणि मोबाइलच्या वाटेवर तेवढे पाकीट मावत नव्हते. आकार १२८० वर आणल्यावर पान उघडले. मग दुसरीच अडचण आली. बोगद्याचा कंटेनर नव्याने सुरू झाल्यामुळे त्याचे जाळे वापरणारे बाकीचे कंटेनर जुन्या, मेलेल्या जाळ्याला चिकटून बसले होते. तेही एकामागून एक क्रमाने पुन्हा सुरू करावे लागले. काम हातावेगळे झाले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

ही तक्रार म्हणून सांगत नाही. पाकिटाचा आकार आणि कंटेनरचा क्रम हे आमचे काम आहे आणि ते आम्ही शिकलो. आता आम्ही बोगद्याची तब्येत दर मिनिटाला आपोआप तपासतो आणि सुरू होण्याचा क्रम आधीच लिहून ठेवतो. मात्र तीन गोष्टी आमच्या हातात नाहीत : रस्त्याकडेची फायबर, पावसाळ्यात बसायला एक भरवशाची खोली, आणि आमच्या या दारांकडे प्रशासन कोणत्या नजरेने पाहते ते.

आमची एक चूक

एक चूक लपवण्यात अर्थ नाही. आमच्यातल्या एकाने भाड्याच्या सर्व्हरवर प्रॉक्सी चालवताना त्याचे दार फक्त स्वतःपुरते ठेवण्याऐवजी सगळ्या जगासाठी उघडे ठेवले. सर्व्हरवर फायरवॉल होती, म्हणून तो निर्धास्त होता. पण डॉकर पोर्ट उघडतो तेव्हा स्वतःचे नियम वेगळे लिहितो, आणि उबंटूवरची नेहमीची फायरवॉल त्या नियमांच्या आड येत नाही. एका रात्रीत अनोळखी लोक तो प्रॉक्सी वापरू लागले आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून गैरवापराचा इशारा आला. दार त्याच दिवशी बंद केले. पण त्या काळात कोणी त्या पत्त्यावरून गुन्हा केला असता तर चौकशी थेट आमच्या घरी आली असती, आणि ‘व्हीपीएन चालवतो’ एवढ्यावरूनच आमच्याविषयी मत बनले असते. त्या दिवसापासून आमच्यातल्या कोणाचाही प्रॉक्सी स्वतःच्या संगणकाबाहेर ऐकत नाही. काही मागण्या या अनुभवातूनच आल्या आहेत.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७० ब खाली सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, वापरण्याचा हेतू आणि दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपावेत, नोंदी १८० दिवस ठेवाव्यात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी, असे त्यात आहे. हे निर्देश आल्यावर त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. मे २०२२ मध्ये सर्ट-इनने खुलासा केला की कंपन्यांची स्वतःच्या वापरासाठीची व्हीपीएन यात येत नाही. ग्राहकांची माहिती जपण्याची अट सर्वसाधारण इंटरनेट वापरणाऱ्यांना अशी सेवा पुरवणाऱ्यांनाच लागू आहे.

आमचा पेच इथेच आहे. आम्ही कंपनी नाही आणि सेवा विकणारेही नाही. चार-पाच स्वतंत्र डेव्हलपर एका सर्व्हरचे भाडे वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपापल्या किल्लीने येतो. ही व्यवस्था रेषेच्या अलीकडे की पलीकडे, याचे स्पष्ट उत्तर आम्हाला कुठे मिळालेले नाही.

दुसरी बाब अशी की २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली व्हीपीएन वापरावर बंदी घालण्यात आली. तिथली परिस्थिती वेगळी होती आणि त्यावर भाष्य करण्याचा आमचा अधिकार नाही. पण अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितले आहे की इंटरनेटवरून व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे, आणि निर्बंध घालायचाच तर तो प्रमाणात असावा व आदेश प्रसिद्ध व्हावा. कालवा एका जागी फुटला तर तिथे बांध घालतात, आख्खा कालवा बुजवत नाहीत. आपल्याकडे तशी वेळ आलीच तर एवढेच व्हावे, ही विनंती.

मागण्या

१. भविष्यात व्हीपीएनबाबत कोणताही आदेश काढण्याचा प्रसंग आल्यास, नोकरी, व्यवसाय वा ग्राहकाच्या करारापोटी वापरल्या जाणाऱ्या जोडण्यांना आदेशातच स्पष्ट सूट द्यावी. सूट मिळण्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील तेही आदेशात लिहावे.

२. भाडे वाटून एक सर्व्हर वापरणाऱ्या, सेवा न विकणाऱ्या डेव्हलपरांच्या गटाला २०२२ चे निर्देश कसे लागू होतात, याचा लेखी खुलासा सर्ट-इनकडून मिळावा, अशी शिफारस आपल्या कार्यालयाने करावी. खुलासा आमच्या विरोधात गेला तरी चालेल. अंधारात राहण्यापेक्षा तो बरा.

३. तालुक्यातील पोलीस ठाण्यांना एक पानी माहितीपत्रक द्यावे. कामाचे व्हीपीएन, विकले जाणारे व्हीपीएन आणि उघडा पडलेला प्रॉक्सी यांतला फरक त्यात साध्या मराठीत असावा. संगणक जप्त करण्यापूर्वी नोंदी मागाव्यात. मजकूर तयार करण्यासाठी आम्ही वेळ देऊ.

४. रस्त्यांची कामे करणाऱ्या यंत्रणांनी साइडपट्टी खणण्यापूर्वी ‘कॉल बिफोर यू डिग’ या केंद्र सरकारच्या ॲपवर सूचना देणे जिल्ह्यात बंधनकारक करावे. हे ॲप मार्च २०२३ पासून सुरू आहे. जेसीबीच्या एका फाळाने गावेच्या गावे दिवसभर तुटतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

५. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दूरसंचार मार्गाधिकार नियमांनुसार तालुक्यातल्या फायबर टाकण्याच्या प्रलंबित परवानग्यांचा आढावा पावसाळ्यापूर्वी घ्यावा. दोडामार्ग ते भेडशी व पुढे तिलारीच्या बाजूला शक्य तिथे दोन वेगवेगळ्या मार्गांनी फायबर न्यावी, म्हणजे एक तुटली तरी दुसरी चालू राहील.

६. कसई-दोडामार्ग, साटेली-भेडशी किंवा आडाळी येथील एखाद्या रिकाम्या शासकीय इमारतीत जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सामायिक कार्यकक्ष सुरू करावा. दोन कंपन्यांची फायबर, कायम आयपी पत्ता, बॅटरीवर आठ तास चालेल एवढी वीज आणि दहा-बारा टेबले एवढेच पुरे. वातानुकूलन नको. पंखे चालतील.

७. त्याच कक्षात महिन्यातून एक दिवस तालुक्यातल्या महाविद्यालयीन मुलांना लिनक्स, कंटेनर आणि किल्ल्यांची राखण शिकवण्याची परवानगी द्यावी. शिकवणारे आम्हीच असू. मानधन नको.

आमच्याकडून हमी

आम्ही नुसते मागून थांबणार नाही. प्रत्येक किल्ली एकाच माणसाच्या नावावर राहील आणि काम संपले की त्याच दिवशी रद्द होईल. बोगदा कोणालाही भाड्याने देणार नाही. कोण कधी जोडला गेला याची नोंद १८० दिवस भारतातल्या सर्व्हरवर राहील आणि कायदेशीर मागणी आली की देऊ. सर्व्हरचे घड्याळ एनआयसीच्या वेळेशी जुळवलेले राहील, म्हणजे नोंदीतल्या वेळेवर वाद होणार नाही. किल्ल्या कंटेनरच्या प्रतिमेत कधीही कोंबणार नाही. कुठे घुसखोरी आढळली तर सहा तासांच्या आत कळवू.

महोदय, तालुक्यातल्या अनेक गावांत सणावारी दिवे लागतात आणि सण सरला की घराला कुलूप लागते. आमच्या घरांत रोज दिवे लागतात, कारण आमची रोजीरोटी तारेच्या त्या एका टोकाशी बांधलेली आहे. आपण आम्हाला वेळ द्यावा. ही व्यवस्था कशी चालते हे लॅपटॉपसह येऊन दाखवू. बोगदा तोडला की प्रॉक्सी कसा गप्प बसतो, हे पाच मिनिटांत आपल्या टेबलावर दिसेल.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपले विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातून घरून काम करणारे सॉफ्टवेअर डेव्हलपर
(सह्यांचे पान सोबत जोडले आहे)

स्थळ : दोडामार्ग

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. पोलीस अधीक्षक, सिंधुदुर्ग.
२. मा. मुख्याधिकारी, कसई-दोडामार्ग नगरपंचायत.