उरते किती? : विरलन, देय आणि अनंत गुणाकार

मोर्शीच्या संत्राबागांत आंबिया बहाराची फळगळ लागली की बागायतदाराच्या मनात एकच हिशेब घोळतो : शेवटी झाडावर उरणार किती? हा हिशेब वजाबाकीचा भासतो. वस्तुतः तो गुणाकाराचा आहे. समजा, पहिल्या आठवड्यात निम्मी फळे गळाली, दुसऱ्यात उरलेल्यांपैकी एकतृतीयांश, तिसऱ्यात त्यातून उरलेल्यांपैकी एकचतुर्थांश. तर शिल्लक भाग १/२ × २/३ × ३/४, म्हणजे एकचतुर्थांश.

असे लांबलचक गुणाकार लिहिण्यासाठी गणितज्ञ ग्रीक ‘पाय’ या अक्षराचे मोठे रूप वापरतात. दोन खांब आणि वर आडवी तुळई, जणू मंदिरासमोरचे तोरण. खाली आरंभाचा क्रमांक, वर शेवटचा, उजवीकडे पदाचे सामान्य रूप. विद्यार्थी हे चिन्ह पाहून बिचकतात. स्वाध्यायी श्रावकाला मात्र ते अगदीच परके वाटू नये.

आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत ‘विरलन-देय’ ही क्रिया येते. तीन ही संख्या घ्यावी, तिचे १, १, १ असे विरलन करावे, प्रत्येक एकाच्या जागी ३ द्यावे आणि सर्वांचा परस्पर गुणाकार करावा : २७. विरलन म्हणजे किती जागा, देय म्हणजे प्रत्येक जागी काय. तोरणचिन्हही हेच दोन प्रश्न विचारते. फरक इतकाच की तेथे प्रत्येक जागेचे देय वेगळे असू शकते. हीच क्रिया २ वर केली तर ४, चारवर केली तर २५६ आणि २५६ वर केली तर ६१७ अंकी संख्या येते. ‘वर्गित-संवर्गित’ म्हणतात ते हेच.

मोर्शीच्या वाचकांना हे जवळचे वाटावे असे आणखी एक कारण आहे. धवलेसह षट्खंडागमाचा पहिला मुद्रित भाग १९३९ साली अमरावतीहूनच निघाला. संपादक डॉ. हिरालाल जैन तेव्हा तेथील किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे चौथ्या भागात लखनौचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील निबंध छापला गेला.

अभिमानाच्या भरात काही जण यावरून अनंत गुणाकारांचा शोधही धवलेत असल्याचे सांगतात. ते खरे नव्हे. विरलन-देयाने राशी प्रचंड वाढते; अनंत पदांचा गुणाकार एखाद्या सांत संख्येपाशी स्थिरावतो का, हा प्रश्न निराळा आणि नंतरचा. आचार्यांचे श्रेय मोठेच आहे, त्याला उसन्या अलंकाराची गरज नाही.

आता पुन्हा बागेत. वरचीच गळ पुढे १/५, १/६ अशी मंदावत गेली, तर नव्याण्णव आठवड्यांनी शंभरावा भाग उरेल; अनंत काळात काहीच नाही. गणितात अशा गुणाकाराला अभिसारी म्हणत नाहीत. परंतु गळ १/४, १/९, १/१६ अशी असेल तर? शिल्लक ३/४ × ८/९ × १५/१६... प्रत्येक पद फोडावे : (१×३)/(२×२), (२×४)/(३×३), (३×५)/(४×४). मधले अवयव कापले जातात. १/१०० च्या गळीपर्यंत ११/२० उरतात, १/१०००० पर्यंत १०१/२००, आणि शेवटी बरोबर निम्मी फळे झाडावर राहतात.

दोन्हीकडे गळ मंदावतच होती; मग फरक कशाने पडला? येथे धवलेतीलच ‘अर्धच्छेद’ उपयोगी पडतो. संख्या कितीदा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ८ चे अर्धच्छेद ३, ३२ चे ५ आणि ८ × ३२ = २५६ चे ८. गुणाकाराची बेरीज झाली! आजच्या भाषेत हा दोनच्या पायावरचा लॉगरिथम. त्याच वाटेने गुणाकाराचा प्रश्न बेरजेवर येतो : प्रत्येक वेळची गळ पूर्ण एकाहून कमी असून सगळ्या गळींच्या अपूर्णांकांची बेरीज सांत असेल, तर काहीतरी उरतेच, बेरीज अमर्याद वाढली, तर काही उरत नाही. १/२ + १/३ + १/४ ही बेरीज हळूहळू, पण अमर्याद वाढते. १/४ + १/९ + १/१६ ची तशी वाढत नाही.

आणि गळ १/२, १/४, १/८ अशी असेल तर? बेरीज बरोबर १ होते, म्हणून बाग रिकामी होईल असे घाईत वाटते. पण प्रत्येक गळ उरलेल्यातून आहे. १/२ × ३/४ × ७/८ × १५/१६... करीत गेल्यास शेवटी सुमारे ०.२८८८ भाग, म्हणजे शंभरातली जवळजवळ एकोणतीस फळे फांदीवर टिकतात.