नांगर विकायला दोन वर्षे

शोधकाचे नाव निघाले की आपण थेट एडिसनपर्यंत जातो. बोदवडच्या लोहार व वेल्डिंगवाल्या बांधवांना लक्ष्मणराव किर्लोस्कर अधिक जवळचे वाटावेत. मुंबईतली ड्रॉइंग मास्तरची नोकरी सोडून ते बेळगावात सायकलच्या धंद्यात पडले. मग कडबा कापण्याचे यंत्र व पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, ही शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. बेळगावची जागा सुटली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन व कर्ज दिले, म्हणून 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हुन्नर आपल्याकडेही आहे. गिऱ्हाईक सांगेल तसे वखर-कोळपे आपले कारागीर रोज बदलून देतात. पण एक नग झाला की ती युक्ती तिथेच राहते. तसेच दहा नग करून हंगामापर्यंत ठेवायचे तर लोखंडात पैसा अडकतो, आणि तो कारागिराकडे नसतो. व्यापारी बांधवांकडे असतो, तो प्लॉट घेण्यात जातो. आम्ही म्हणतो, एका हंगामाचे लोखंड नफ्या-तोट्याच्या भागीदारीवर द्या. व्याजाचा प्रश्नच येत नाही. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट.