पडदा पडतो की पाडतात?

माझा जन्म पिशोरचा. कन्नड तालुक्यातलं हे गाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांची कीव येते, एवढंच. आम्ही सिनेमा पाहिला तो तंबूत. पडदा मधोमध, त्यामुळे प्रेक्षक अलीकडेही आणि पलीकडेही. पलीकडचं तिकीट स्वस्त, म्हणून आमचं कुटुंब कायम पलीकडे. परिणामी सगळे नायक डावखुरे असतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे शहरात सरळ बाजूनं सिनेमा पाहिला, तेव्हा हे लोक उलटा दाखवतायत म्हणून मी भांडायला उठलो होतो.

शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं मोहन, सादिया, अंजली, अंबा-अप्सरा ही नुसती टॉकिजं नव्हती, पत्ते होते. आमचे एक मामा अशाच एका टॉकीजचे मॅनेजर. शेवटच्या एस.टी.नं आलेला हमाल आणि बाल्कनीतले डॉक्टरसाहेब एकाच विनोदाला हसतात, याचा त्यांना कोण अभिमान! मामांच्या टॉकीजला आता कुलूप आहे.

कुणालाही विचारा, उत्तर एकच : ‘‘काय करणार? काळ बदलला!’’ हा काळ नावाचा गृहस्थ मोठा सोयीचा. त्याला कोर्टात उभं करता येत नाही, म्हणून सगळे गुन्हे त्याच्या नावावर. टी.व्ही. आला, व्हिडिओ आला, मोबाइल आला, हे मलाही मान्य. पण मामांनी एकदा मला हिशेबाची वही दाखवली, आणि काळाचे साथीदार कोण ते कळलं.

2001 साली राज्य सरकारनं नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक कर पहिली तीन वर्षं पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं पाऊण माफ. जुन्या टॉकीजना? मुंबईसारख्या शहरात तिकिटावर 45 टक्क्यांपर्यंत कर चालूच! (मराठी चित्रपटांना माफी होती, हे प्रामाणिकपणे सांगतो.) म्हणजे शर्यत लावायची, नव्या गड्याला सायकल द्यायची, म्हाताऱ्याच्या डोक्यावर धोंडा ठेवायचा आणि निकाल लागल्यावर म्हणायचं, ‘‘म्हाताऱ्यात दम उरला नाही हो!’’

बरं, म्हाताऱ्यानं मैदान तरी सोडावं? तेही नाही. टॉकीज पाडलं तरी त्या जागी लहानसं का होईना, थिएटर ठेवा, ही अट मालकांच्या मानगुटीवर वर्षानुवर्षं बसलेली. वडिलांना घराबाहेर काढायचं नाही आणि जेवायलाही घालायचं नाही, असा हा आमचा पितृधर्म!

प्रेक्षकच नाहीत म्हणता? पुण्याचं ‘प्रभात’ 1934 साली सुरू झालं आणि भाडेकरारापायी 2014 च्या डिसेंबरात थांबलं. जागामालकांनी त्याच वास्तूत ‘किबे लक्ष्मी’ नावानं पुन्हा पडदा उघडला. काळ काही दाराशी काठी घेऊन उभा नव्हता.

22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 5 टक्के झाला. मी धावत मामांकडे गेलो. मामा म्हणाले, ‘‘बातमी चांगली आहे रे. पण पेशंट गेल्यावर डॉक्टर जिना चढतोय.’’

जे पेशंट अजून धुगधुगी धरून आहेत, त्यांच्यासाठी तरी जिना भरभर चढा. भीक मागत नाही. 2001 साली मल्टिप्लेक्सला जी पाच वर्षं दिलीत, तीच आता स्वस्त तिकिटाच्या टॉकीजला द्या. राज्याच्या वाट्याला येणारा कर त्यांना परत करा. पिशोरचा माणूस शहरात आला, तर त्याला खिसा न चाचपता तीन तास बसता येईल अशी एक जागा राहू द्या.

हे सगळं मी मामांना तावातावानं ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘तू शेवटचा सिनेमा कुठं पाहिलास?’’

‘‘मॉलमध्ये.’’

‘‘आणि लाह्या कितीच्या खाल्ल्यास?’’

मी आकडा सांगितला. मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘एवढ्यात तुमचं अख्खं घर पडद्यापलीकडे महिनाभर बसलं असतं.’’