स्वस्त काँप्रेसरची पारख

आग्रा-मुंबई रस्त्याजवळच्या आपल्या महूत घरी एक स्वस्त काँप्रेसर असावा, असे पुष्कळांस वाटते. गिऱ्हाईक खोक्यावरील १५० पौंडांचा आकडा पाहून भुलते; वास्तविक मोटारीच्या टायरास ३०-३५ पौंड दाब पुरतो. पाहावयाचे ते हे की, यंत्र मिनिटाला हवा किती देते. केवळ टायरांपुरता १२ व्होल्टचा बिनटाकीचा पंप पुष्कळ झाला. रंगफवारणीस मात्र टाकी हवी, आणि लहान टाकी पाहता पाहता रिती होते. विकणाऱ्या बंधूंनी हे आधीच सांगावे. सौदा मोडला तरी बेहत्तर! सुरक्षा-झडप नसलेली टाकी तर दुकानातच ठेवू नये. टाकीत साचलेले पाणी काम संपताच तळच्या तोटीतून काढावे, अन्यथा पत्रा आतून गंजतो व दाबाखाली फुटू शकतो.