विलंब माफीचा सरकारी हिशेब

जबलपूर : राज्य पुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा जबलपूरकडे आला आणि नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हेच येथील पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. मध्य प्रदेशातील मराठी वकील व अधिकाऱ्यांना त्यामुळे हे न्यायालय कधीच परके वाटले नाही. मात्र सचिवालय भोपाळला आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला, ही रचना तेव्हापासूनची आहे. शासकीय अपिलांना उशीर का झाला, याच्या खुलाशात कागदपत्रांच्या या प्रवासाला नेहमीच मानाचे स्थान असते.

मुदत कायदा, १९६३ नुसार दिवाणी निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ९० दिवस मिळतात. निकालाची प्रत मिळवण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. त्यानंतरही उशीर झाल्यास कलम ५ आहे. ‘पुरेसे कारण’ दाखवल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. पुरेसे म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेले नाही, आणि सारा वाद तेथेच आहे.

१९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टिकोनाचा पुरस्कार केला. तेथे विलंब अवघ्या चार दिवसांचा होता, हे पुढे शासकीय अर्ज लिहिणारे सोयीस्करपणे विसरले. २०१२ मध्ये टपाल खात्याचा ४२७ दिवसांचा विलंब नाकारताना याच न्यायालयाने फाइल फिरत राहिल्याची सबब आधुनिक साधनांच्या काळात चालणार नाही, असे बजावले. मध्य प्रदेशाने तरीही २०२० मध्ये ६६३ दिवसांच्या विलंबाने दाद मागितली. १५ ऑक्टोबरच्या आदेशात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या पीठाने २५ हजार रुपयांचा खर्च लादला व तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. अशा याचिकांना त्यांनी ‘प्रमाणपत्र प्रकरणे’ म्हटले आहे : याचिका फेटाळली गेली की फाइलवर शेरा मारता येतो, आणि दोष कोणाचाच राहत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच राज्य पुन्हा त्याच दारात उभे होते. जमिनीच्या मालकीच्या दाव्यातील दुसरे अपील वर्षानुवर्षांच्या विलंबामुळे उच्च न्यायालयाने फेटाळले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि एक लाखाचा खर्च लावला.

महाराष्ट्राने हसू नये. जलसंपदा विभागाचे लवादाविषयीचे अपील ६० दिवसांच्या मुदतीपुढे आणखी १३१ दिवसांनी दाखल झाले होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते माफ केले नाही. लवाद निवाड्याला आव्हान देण्याच्या बाबतीत तर संसदेनेच न्यायालयाचे हात बांधले आहेत : तीन महिने, वर फार तर तीस दिवस, त्यापुढे काही नाही.

दिवाणी अपिलांनाही असाच करकचून फास लावावा, असे म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजू पाहावी. दवाखान्यात अडकलेल्या वा वकिलाने फसवलेल्या शेतकऱ्यासाठी कलम ५ हा एकमेव दरवाजा आहे. शिवाय शासकीय जमिनीच्या खटल्यात उशीर नेहमी आळसामुळेच होतो, असेही नाही. तो कधी कुणाच्या सोयीचा असतो. अपील मुदतबाह्य ठरले की जमीन जाते ती जनतेची. म्हणून विवेकाधिकार काढण्यापेक्षा २०२० च्या आदेशातील वसुलीचे वाक्य महत्त्वाचे ठरते. ती किती खिशांतून प्रत्यक्ष झाली, हा प्रश्न भोपाळ आणि मुंबईच्या विधिमंडळांत विचारता येण्याजोगा आहे.